कोंडीची वेळ

पोशीरची जयवंताबाई धवलारीण. लग्नात धवले, म्हणजे विधीची गाणी, म्हणणारी बाई ती धवलारीण. भटजी यायच्या आधी मांडवात देव बोलवायचे, पितर बोलवायचे, नवऱ्यामुलाला हळद लावायची, हे सगळं तिच्या गळ्यावर चालतं. नेरळपासून खालापुरापर्यंत किती हळदी म्हटल्या याची मोजदाद तिला स्वतःलाही नाही. पण एक गोष्ट ती छातीवर हात ठेवून सांगे, की आपल्या तोंडून हळदीत एकदाही वाकडा शब्द निघाला नाही. आईनं धवले शिकवले तेव्हाच बजावलं होतं, "मांडवात पाय ठेवलास का तुझं भांडण चपलांसंगं बाहेर."

अशा बाईनं सख्ख्या बहिणीच्या लेकाची हळद म्हटली, आईनं शिकवलेला एक शब्द इकडचा तिकडे केला नाही, आणि तरी सूड घेतला.

कोंडी तिची थोरली बहीण. दोघी एकाच गावात दिलेल्या, मध्ये चार घरं. कोंडीचा नवरा मागेच गेलेला. तिला उतारवयात झालेला एकुलता एक मुलगा, अक्षय. तो गुराढोरांचं शिकला आणि सात वर्षांपूर्वी न्यूझीलंडला गेला. त्या देशाच्याही पार दक्षिणेला, जिथून पुढे नुसता समुद्र, तिथल्या एका गावात गाईंच्या फार्मवर नोकरीला लागला. गावाचं नाव काही जयवंताबाईच्या जिभेवर बसेना. ती त्याला गायगाव म्हणे.

सुरुवातीला फोनवर दोन्ही गावांच्या गप्पा रंगत.

"आमच्या फार्मवर नऊशे गाई, मावशी. आणि माणसं पाच."

"मंग शेजारी कोण?"

"हाय की शेजारी. दोन किलोमीटरवर."

"म्हंजे माणूस मेलं तरी चहाचं आधण उतरंपर्यंत कुणाला कळायचं नाय म्हण!"

अक्षय हसे. तो सांगे, तिथे पाऊस बारा महिने भुरभुरतो. भात कुणी बघितलेलं नाही, गवताचीच शेती. आपल्याकडे लावणी चालते तेव्हा तिथे कडाक्याची थंडी, आणि आपण वालाच्या शेंगा भाजतो तेव्हा तिथे उन्हाळा. कोंडीला यातलं अर्धंमुर्धं कळे. गावात मात्र सगळ्यांचा एकच हिशेब होता: परदेश म्हणजे इथे दिवस तर तिथे रात्र. गावातलं कुणाचं कोण अमेरिकेला होतं, तेव्हापासून हे ठरूनच गेलेलं.

दोन वर्षांपूर्वीच्या पौषात कोंडीचा श्वास लागला. कर्जतच्या डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलं. घरी आणून तिसरी सकाळ. जयवंताबाई उशाशी बसून होती. बाहेर अजून फटफटतच होतं. कोंडीनं डोळे उघडले आणि म्हणाली, "अक्षयचा आवाज ऐकव गं. एकदाच."

जयवंताबाईनं फोन लावला. पावणेसात वाजले होते. तीन वेळा पूर्ण वाजून थांबला. पुढच्या चार वेळा एक-दोनदा वाजला आणि मध्येच तुटला. सात फोन झाले. प्रत्येक वेळी ती कोंडीच्या कानाला फोन लावी आणि कोंडी त्या वाजण्यालाच "अक्षा रं" म्हणे. सातला दुधाच्या टेंपोनं नाक्यावर हॉर्न दिला आणि कोंडीनं मान टाकली.

साडेअकराला अक्षयचा फोन आला. ढसाढसा रडत होता. "मावशी, दोन वाजले होते गं. रात्र होती. झोपेत होतो मी."

जयवंताबाईनंच त्याची समजूत घातली. "तुझी काय चूक रं बाळा. झोपलेल्या माणसाला काय ठावं."

त्याला सुट्टी मिळाली नाही. दहाव्याला तो आला तो फोनमधूनच. नदीवर सगळा गाव जमलेला, फोन स्पीकरवर धरलेला आणि त्यातून अक्षयचा हुंदका: "रात्र होती. माझ्या आईनं हाक मारली आणि मी झोपेत होतो." बाया डोळे पुसत होत्या.

पिंड ठेवला. कावळा शिवेना. दहा वाजले, अकरा वाजले, ऊन तापलं. झाडावर पाच-सहा कावळे बसलेले, पण एक खाली उतरेना. माणसं म्हणू लागली, हिचा जीव लेकात अडकलाय. शेवटी जयवंताबाई पुढे झाली, पिंडासमोर हात जोडून मोठ्यानं म्हणाली, "कोंडे, पोरावर राग धरू नको. त्याची चूक नाय. तिथं रात्र होती गं. झोपला होता तो. माझी शपथ हाय, खरं सांगते."

तिनं हात खाली घेतले न घेतले तोच कावळा शिवला.

ही झाली दोन वर्षांपूर्वीची गोष्ट.

या वर्षी माघात अक्षयचं लग्न ठरलं. मुलगी खालापूरची, माधवी. ती तिकडेच गायगावाजवळच्या शहरात इस्पितळात नर्स. ओळख तिकडेच झाली. दोघांनाही लांबची सुट्टी नव्हती, म्हणून लग्न तिथेच करायचं, आणि हळद फोनवरून. गायगावात नवरानवरी पाटावर बसणार, खालापुरात माधवीचे आईवडील पडद्यावर, आणि पोशीरात जयवंताबाई धवले म्हणणार. माधवीच्या आईनं, विमलबाईनं, आपणहून फोन केला होता. "विहीणबाई, आता तुमीच त्याची आई. बिचारा अजून झोपेत दचकतो म्हणं. आई हाक मारत होती न मी झोपलो होतो, हे सांगताना माझ्या माधवीसमोर लहान पोरागत रडला. तिथंच तिचं मन बसलं बघा त्याच्यावर."

जयवंताबाईचा ऊर भरून आला होता.

मग वेळ ठरवायला अक्षयचा फोन आला. ती वालाच्या शेंगा सोलत होती. फोन सुपाशेजारी ठेवलेला.

"मावशी, रविवारी तुमच्याकडं सकाळचे दहा बरे पडतील. म्हंजे आमच्याकडं संध्याकाळचे साडेपाच. दुपारचं दूध काढून हुईल तोवर."

"कसं कसं?" तिनं सहज विचारलं.

"अगं आमी तुमच्या साडेसात तास पुढं. सूर्य आधी आमच्याकडं, मंग तुमच्याकडं."

"म्हंजे तुमचा वापरलेला सूर्य आमाला म्हण की."

तो खळखळून हसला. तीही हसली. फोन ठेवला. दोन शेंगा सोलल्या. तिसरी हातातच राहिली.

साडेसात तास पुढे.

तिची सून सुरभी शेलूच्या बालवाडीत शिकवते. ती घरी आल्यावर जयवंताबाईनं तिला जात्याजवळ बसवलं.

"सुरभे, आपल्याकडं पहाटेचे पावणेसात असले का अक्षयच्या गावाला किती?"

सुरभीनं फोनमध्ये बघितलं. "सव्वादोन."

"रातचे?"

"नाय आई. दुपारचे."

"आत्ता असंल. कोंडी गेली तवा येगळं असंल."

सुरभीलाही तिच्या आवाजाची धास्ती वाटली. तिनं नीट शोधून सांगितलं. तिथे वर्षातून दोनदा घड्याळ तासभर मागंपुढं करतात. त्यांच्या थंडीत साडेसहा तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेसातचा. आपला पौष म्हणजे त्यांचा उन्हाळा. "तेव्हाही सव्वादोनच, आई. दुपारचेच."

मग सुरभी म्हणाली, "त्या दिवशीचं त्यांच्या फेसबुकवर काही हाय का बघू?"

एक फोटो होता. अक्षय नदीकाठी उभा, हातात हातभर लांबीचा मासा, मागे दोन मित्र बाटल्या उंचावून हसतायत. फोटोखाली कोंडी गेली त्या दिवसाची तारीख, आणि आपल्या घड्याळानं वेळ सकाळी सहा बावन्न. सुरभी तारखेकडे बघत होती. जयवंताबाईनं तारीख बघितली नाही. ती अक्षयच्या पायांकडे बघत होती. आयुष्यभर शेतात सावलीवर वेळ ओळखलेली बाई. सावली पायापाशी गोळा झाली होती, भर दुपारी होते तशी.

सहा बावन्न. म्हणजे फोन त्याच्या हातातच होता. पहिले तीन वाजू दिले, पुढचे चार अंगठ्यानं तोडले आणि मासा दाखवला. का, तेही तिला कळलं. आदल्याच आठवड्यात कोंडीनं त्याला म्हटलं होतं, "एकदा येऊन जा रं." फोन उचलला असता तर यावं लागलं असतं.

सुरभीला वाटलं, आता सासू रडेल. जयवंताबाई रडली नाही. ती एवढंच म्हणाली, "कावळा माझ्या शपथेवर शिवला गं. माझ्या तोंडून खोटं ऐकून गेली ती."

ती रात्र तिनं कशी काढली ते तिचं तिला ठाऊक. सकाळी मात्र ती शांत होती. तिनं अक्षयला फोन लावला.

"बाळा, दहाची वेळ नको. पावणेसात धर."

"एवढ्या सकाळी? खालापूरवाल्यांना जड जाईल, मावशी."

"त्यांना मी सांगते. कोंडीची शेवटली घटका ज्या वेळेला, त्याच वेळेला तुझी हळद. म्हंजे ती येईल बघायला. जल्मभर तुझ्या हळदीची वाट बघितली तिनं. तिच्या वेळेला नको का?"

"दहा बरं नाय का..."

"तुझ्या आईची वेळ हाय रं ती. नको म्हंतोस का?"

यावर कुठला मुलगा काय बोलणार? विमलबाईला तर फोनवर रडू फुटलं. "काय मन हो तुमचं, विहीणबाई! आमी चारला उठून बसू." दोन दिवसांत पोशीरात आणि खालापुरात सगळ्यांना ठाऊक झालं: हळद कोंडीच्या वेळेला. पावणेसातला.

जयवंताबाईच्या मागे धवले म्हणणारी भागी म्हणून तिची जोडीदारीण आहे. तीस वर्षांची सोबत. तीसुद्धा म्हणाली, "बहीण असावी तर अशी." जयवंताबाईनं तिलाही काही सांगितलं नाही.

रविवारी पहाटे ओसरीवर तांदळाचा चौक पुरला. पाट मांडला. पाटावर कोंडीचं हिरवं लुगडं घडी करून ठेवलं. सुरभीनं मोठा फोन डब्यांना टेकवून उभा केला. शेजारणी घोंगड्या, शाली घेऊन येऊन बसल्या. अंगणात अजून अंधुक होतं, गावाच्या मागचा डोंगर नुसता काळा दिसत होता. पडद्याच्या एका चौकटीत विमलबाई आणि त्यांचं सगळं घर, आंबाडे घालून, डोळे चोळत. दुसऱ्या चौकटीत अक्षय आणि माधवी पाटावर. खोलीतले पडदे ओढून घेतलेले आणि दिवे लावलेले.

"काय गं माधवी, अंधार का केलास?" विमलबाईनं विचारलं.

"हेच म्हणाले, दिव्यात हळद बरी दिसते."

जयवंताबाईनं ते ऐकलं. तिनं कुंकू लावलं, डोळे मिटले आणि आवाज सोडला. साठी उलटली तरी तिचा आवाज अजून वेशीपर्यंत जातो.

पयलं आवतण गावदेवीला,
माये, मांडवा ये गं.
दुसरं आवतण शेताच्या बांधाला,
बांधा, मांडवा ये रं.

भागी मागून ओढत होती. देव झाले, मग पितर. प्रत्येकाला तीन हाका. आजा, आजी, बाप. मग जयवंताबाईनं लुगड्याकडे तोंड केलं.

कोंडीबाय ये गं, पाट मांडला,
लेकाची हळद बघाया ये गं.

एक झाली, दुसरी, तिसरी. भागी थांबली. जयवंताबाई थांबली नाही. चौथी. भागीनं तिच्या मांडीला हात लावला. "तीन म्हंतात गं," ती पुटपुटली. पाचवी. सहावी. पडद्यावर अक्षयनं मान खाली घातली होती. सातवी हाक संपली तेव्हा ओसरीवर एकही बाई हलत नव्हती.

मग साक्षीची ओळ आली. ही ओळ दुसऱ्या धवलारणींकडे नाही, जयवंताबाईच्या आईचीच. हळद लावायच्या आधी सूर्य साक्षीला धरायचा. धवलारणीनं विचारायचं, आणि नवऱ्या मुलानं बाहेर बघून सूर्य जिथे असेल ते सांगायचं. त्याशिवाय हळद लागत नाही.

सूर्या, सूर्या, कुठवर आलास,
कुणाच्या दारी उभा रं?
नवऱ्या बाळा, बघून सांग,
हळदीला साक्ष कोण रं?

अक्षय बोलेना.

तिनं ओळ पुन्हा म्हटली. आवाज तितकाच गोड.

"मेढीवर आला," अक्षय कसंबसं म्हणाला. मेढ म्हणजे मांडवाचा खांब; त्यानं लहानपणी शंभर हळदींत ऐकलेलं उत्तर.

"बघून सांगायचं असतं रं बाळा," जयवंताबाई म्हणाली. "आमच्याकडं अजून निघायचाय. तुमच्याकडं कुठं हाय?"

"अहो, सांगा की!" माधवी हसत म्हणाली. "थांबा मावशी, मी दाखवते." तिनं फोन उचलला, खिडकीशी गेली आणि हळद कालवलेल्या हातानं पडदा सारला.

पडद्यावर लख्ख उजेड पसरला. इतका, की पोशीरच्या अंधुक ओसरीवर बायांच्या तोंडावर तो पडला. हिरवंगार रान, त्यात काळ्यापांढऱ्या गाई, आणि प्रत्येक गाईची सावली तिच्या पोटाखाली.

"डोक्यावर हाय सूर्य, मावशी! सव्वादोन वाजून गेलेत..."

माधवीचं हसू अर्धवट राहिलं. पोशीरात कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. आवाज बारीक होता, पण फोननं तो दोन्हीकडे पोचवला. दहाव्याला नदीवर असलेल्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. खालापूरच्या चौकटीत विमलबाई उठून उभी राहिली.

"माधवी," ती सावकाश म्हणाली, "विहीणबाई म्हणाल्या, ही त्यांच्या बहिणीची वेळ. मग रात्र कुठली गं?"

फोन खिडकीकडेच तोंड करून राहिला. गाई चरत होत्या. आतून अक्षयचा आवाज आला, "माधवी, ऐक तर..." आणि माधवीचा, अगदी हळू, "दोन वाजले होते म्हणालात ना मला? दोनच?"

जयवंताबाईनं पुढची ओळ उचलली. सूर्य साक्षीला आला, हळद लावा. तिनं हळदीचा धवला शेवटपर्यंत म्हटला, एकही कडवं न गाळता, एकटीनं, कारण भागीचं तोंड मिटलं होतं. तिकडे हळद लागली की नाही, ते तिनं बघितलं नाही. धवला संपला आणि पडदा काळा झाला.

बाया चहा न घेताच उठल्या. भागी मागे राहिली.

"हळद मोडलीस तू, जयवंते."

"एक शबूद बदलला का मी? सांग. आईचाच धवला म्हटला."

"शबूद नाय बदललास. पण ह्याच्या पुढं कोण बोलवंल तुला हळदीला? पोरी घाबरतील. धवलारीण काय विचारील न काय बाहेर काढील."

"नको बोलवू दे," जयवंताबाई म्हणाली. तिनं लुगड्याची घडी उचलून ट्रंकेत ठेवली.

नऊच्या सुमारास विमलबाईचा फोन आला. आवाज बसलेला. पोरीनं हळदीचं वाटी-ताट बाजूला ठेवलं, बॅग भरली आणि मैत्रिणीकडे गेली. लग्न करीन का नाही ते आत्ता विचारू नका म्हणाली. "तुमी आधी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं, विहीणबाई."

"मी सांगितलं असतं तर तुमी त्याला म्हातारीची बडबड म्हणाला असता. मी बोललेच नाय. त्याला विचारलं न तो बोलला."

मग ती मागच्या पडवीत सूप घेऊन बसली. फोन शेजारी. ऊन आता अंगणात उतरलं होतं.

फोन वाजला. सुरभीनं डोकावून बघितलं. "अक्षयभावजी, आई."

"असू दे."

पूर्ण वाजून थांबला. जयवंताबाईनं एक शेंग सोलली. पुन्हा वाजला. तिनं तोडला नाही, उचललाही नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा सुरभी म्हणाली, "काय करायचं? रडत असतील हो."

"मी किती लावले होते?"

"सात."

"मंग."

चौथा वाजला. जयवंताबाईनं हात पदराला पुसून कोरडे केले आणि मांडीवर ठेवले. पाचवा वाजला, थांबला.

मग बराच वेळ काहीच नाही. नाक्यावरून गॅसची गाडी गेली. कोंबड्या सुपाजवळ आल्या, त्यांना तिनं हुसकलं. ऊन पडवीच्या कडेवरून तिच्या पावलांपर्यंत आलं. सावली आखडत आखडत पायाशी येऊन गोळा झाली. फोन गप्पच होता.

"नाय येत वाटतं आता," सुरभी म्हणाली.

"पाच," जयवंताबाई म्हणाली. "सात पण नाय झालं त्याच्यानं."

आणि तिनं पुढची शेंग घेतली.